थरथरणारी यंत्रे आणि बधिर होणारी बोटे: मिनिटे मोजण्यापासून डॉक्टरांपर्यंतचा क्रम

ब्रेकर, ग्राइंडर, हॅमर ड्रिल, ग्रास कटर चालवणाऱ्याच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या की आधी जाड हातमोजे आणले जातात. मग मलम, मग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. यंत्र दिवसातून किती मिनिटे चालू अवस्थेत हातात असते, हे मात्र कोणी मोजत नाही. सगळा घोळ या उलट्या क्रमाने होतो.

गोव्यात त्यात आणखी एक चूक मिसळते. यंत्राच्या कंपनाने हाताला होणाऱ्या या आजाराचे जुने, ओळखीचे लक्षण म्हणजे गारठ्यात बोट पांढरेफटक पडणे. थंड देशांत ते लवकर दिसते. आपल्याकडच्या हवेत बोट पांढरे पडायचे प्रसंगच कमी, म्हणून पांढरेपणा दिसत नाही तोवर सगळे ठीक आहे असे धरले जाते. प्रत्यक्षात उष्ण प्रदेशात बधिरपणा आणि मुंग्या पुढे असतात. मज्जातंतूंचे हे नुकसान क्वचितच भरून निघते, म्हणून बोट पांढरे व्हायची वाट पाहू नका.

## आत काय बिघडते

लोक रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही. इथे दोन्ही वेगळे धरायला हवेत, कारण दोघांचे नुकसान वेगवेगळे चालते आणि एक असताना दुसरे नसूही शकते.

बोटांतल्या बारीक रोहिणींचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्याने वाहिनी सैल राहते. वर्षानुवर्षे धक्के बसले की हे अस्तर दुखावते, वाहिनीच्या भिंतीतला स्नायू जाड होतो आणि आतली वाट अरुंद होते. अशा वाहिनीला गारवा लागला की ती थोडी आकसून थांबत नाही, पूर्ण मिटते. बोट टोकाकडून पांढरे पडते आणि पांढऱ्या भागाची सीमा रेघ मारल्यासारखी स्पष्ट दिसते. मग बोट निळसर होते, आणि रक्त परतताना लाल होऊन ठणकते.

मज्जातंतूंच्या बाबतीत आधी बोटाच्या टोकातली स्पर्श ओळखणारी सूक्ष्म टोके मरतात, मग तंतूवरचे आवरण झिजते. शिवाय मनगटात सूज येऊन तिथल्या अरुंद बोगद्यातला मज्जातंतू दाबला जातो. या दुखण्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

यंत्राच्या गतीप्रमाणे मारही वेगळ्या जागी बसतो. ब्रेकरचे सेकंदाला वीस-तीस ठोके मनगट आणि कोपरापर्यंत चढतात. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १८३. ही बारीक थरथर बोटांतच जिरते. हाताला धक्का जाणवत नाही म्हणून ग्राइंडर सौम्य आहे, असा समज करून घेऊ नका.

## टप्पा १: प्रत्येक यंत्राचा आकडा मिळवा

कंपन मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात मोजतात. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत आवाजाच्या डेसिबलजवळच हा आकडा असतो. त्याच्या शेजारी अनिश्चिततेचा दुसरा, लहान आकडा असतो. दोन्हींची बेरीज घ्या. ९.५ आणि १.५ लिहिले असेल तर ११ धरा. पुस्तिकेतला आकडा नव्या यंत्राचा, चाचणीच्या जागेवरचा असतो. कामावरचे यंत्र बहुधा त्याहून जास्तच थरथरते.

पुस्तिका हरवली असेल, आणि भाड्याच्या यंत्राची ती कधीच मिळत नाही, तर हे सर्वसाधारण आकडे घेऊन सुरुवात करा:

- काँक्रीट फोडायचा डिमॉलिशन हॅमर: १५. नवा, चांगल्या रचनेचा असेल तर ८.
- रस्ता फोडायचा ब्रेकर: १२. खराब स्थितीत २०.
- हॅमर ड्रिल: ९. खिळखिळी झाली असेल तर २५ पर्यंत.
- मोठा ग्राइंडर: ८. कंपन कमी केलेले मॉडेल असेल तर ४.
- लहान ग्राइंडर: २ ते ६.
- चेन सॉ: ६.
- ग्रास कटर: ४.
- बार्जवरचा गंज काढायची नीडल गन: नवी ५ ते ७, जुनी १० ते २५.

सावधान: मोबाइलवरच्या कंपन मोजणाऱ्या ॲपवर विसंबू नका. असले मापन यंत्राच्या मुठीवर घट्ट बसवलेल्या खास संवेदकाने, तिन्ही दिशांनी करायचे असते.

## टप्पा २: स्विच दाबलेला वेळ मोजा

"आठ तास ग्राइंडरवर होतो" असे सांगण्याची पद्धत आहे. त्या आठ तासांत माप घेणे, फरशी उचलणे, डिस्क बदलणे, चहा, सगळे येते. मोजायची ती फक्त यंत्र चालू आणि हात त्यावर, अशी मिनिटे.

सोपी रीत अशी. दुसऱ्या माणसाच्या हाती मोबाइलचे स्टॉपवॉच द्या. अर्धा तास नेहमीचे काम चालू ठेवा आणि यंत्र चालू होताच वेळ सुरू, थांबताच बंद. दिवसात तीन वेगवेगळ्या वेळी असे करा आणि सरासरी काढा. अर्ध्या तासात १० मिनिटे निघाली तर सहा तासांच्या कामात दोन तास झाले. नगावर चालणाऱ्या कामात आणखी सोपे आहे: एका भोकाला ४० सेकंद लागत असतील आणि दिवसाला ६० भोके असतील, तर ४० मिनिटे.

नेहमीच्या चुका: एकाच यंत्राचा वेळ लिहून बाकीची विसरणे. संध्याकाळी घरी बागेत चालवलेला ग्रास कटर न धरणे. हाताला दोन्ही वेळा सारखेच बसते.

## टप्पा ३: दिवसाचे गुण काढा

यंत्राच्या आकड्याचा वर्ग करा आणि २ ने गुणा. हे झाले त्या यंत्राचे तासाचे गुण; गुण जितके जास्त, तितका हाताला मार जास्त. त्यांना तासांनी गुणा आणि सगळ्या यंत्रांची बेरीज करा.

युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशाने आठ तासांच्या दिवसासाठी दोन पातळ्या ठरवल्या आहेत. सरासरी कंपनाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही पातळी गाठली की उपाय सुरू करायचे, आणि ५ ही कमाल मर्यादा, तिच्यापुढे जायचे नाही. गुणांच्या भाषेत त्या १०० आणि ४०० होतात.

बांधकामावरचा एक दिवस घ्या. ब्रेकर ४० मिनिटे: १२ × १२ × २ = २८८, त्याचे दोनतृतीयांश म्हणजे १९२. मोठा ग्राइंडर एक तास: १२८. हॅमर ड्रिल पाव तास: १६२ चा चौथा हिस्सा, ४० च्या आसपास. बेरीज ३६०. या माणसाने फार काम केले असे कोणी म्हणणार नाही, तरी तो कमाल मर्यादेच्या उंबरठ्यावर आहे.

आकड्याचा वर्ग होतो, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कंपन दुप्पट झाले की गुण चौपट. काजूच्या बागेत हंगामाआधी रान साफ करताना चांगला ग्रास कटर सहा तास चालवला तर ३२ × ६ = १९२ गुण होतात. त्याच यंत्राचे पाते जांभ्या दगडावर आपटून एका बाजूने झिजले आणि कंपन ४ चे ८ झाले, तर तेवढ्याच कामाचे ७६८ होतात. म्हणूनच पुढच्या टप्प्यांत वेळ कापण्याइतकेच यंत्र नीट ठेवण्यावर बोट ठेवले आहे.

पडताळणी: डिमॉलिशन हॅमर १५ चा असेल तर १०० गुण १३ मिनिटांत आणि ४०० गुण ५३ मिनिटांत भरतात. तुमचे उत्तर याच्या जवळपास येत नसेल तर मिनिटांचे तासात रूपांतर करताना गफलत झाली आहे. आणि १०० च्या खाली म्हणजे धोका शून्य असे नाही. ज्याची बोटे आधीच बधिर होतात त्याला ही सूट लागू नाही.

## टप्पा ४: यंत्र हातात येण्याचे कारणच कमी करा

हे काम साइट सुरू होण्याआधी होते, म्हणून ते कामगाराच्या नाही तर ठेकेदाराच्या आणि घरमालकाच्या हातात आहे.

स्लॅब घालण्याआधी पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपच्या जागी पीव्हीसीचे तुकडे बसवून ठेवले की नंतर काँक्रीट फोडावे लागत नाही. भिंतीत वायरिंग लपवायला ब्रेकरने खाच पाडण्याऐवजी दोन पात्यांचे खाच पाडायचे यंत्र भाड्याने आणा. चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडताना ठोक्याचा मोड आधी बंद ठेवून पाहा. चिरा मऊ असतो, पुष्कळदा नुसत्या फिरण्याने भोक पडते आणि कडाही ढासळत नाहीत. काँक्रीटमध्ये मात्र साधी इम्पॅक्ट ड्रिल छातीने रेटण्यापेक्षा रोटरी हॅमर घ्या. तो तेच भोक पुष्कळ कमी वेळात पाडतो. रस्ता लांबवर फोडायचा असेल तर जेसीबीला लावायचा ब्रेकर मागवा.

हे सगळे करूनही गुण ४०० च्या वर जात असतील तर काम दोन माणसांत वाटा. पण वाटणी सकाळीच ठरवा. "हात दुखला की बदलू" असे ठरवले तर बदल कधीच होत नाही.

## टप्पा ५: यंत्र चालू करण्याआधी पाहायच्या गोष्टी

ग्रास कटर. पाते काढून मधल्या भोकात पेन घालून आडवे तोला. एक बाजू खाली गेली तर तोल गेलेला आहे. घासताना सगळ्या दातांना सारखेच फटके मारा. दात तुटला असेल तर पाते फेकून द्या, वेल्डिंग करू नका. नायलॉनची दोरी असेल तर दोन्ही टोके सारख्या लांबीची हवीत. इंजिन आणि दांड्याच्या मधले रबर हाताने दाबून पाहा. भेगा पडल्या किंवा ते कडक झाले असेल तर बदला. हे रबर स्वस्त असते आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित तेच राहते. पट्टा असा बांधा की मूठ सोडली तरी पाते जमिनीच्या किंचित वर तरंगेल. यंत्राचा भार हातांवर असेल तर पकड आपोआप घट्ट होते.

ग्राइंडर. प्लग काढून स्पिंडल, म्हणजे डिस्क बसते तो दांडा, हाताने आडवी हलवा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग गेले. डिस्कवर छापलेली कमाल गती यंत्राच्या गतीपेक्षा कमी नको. नवी डिस्क लावली की गार्ड बसवून, माणसांपासून दूर धरून, एक मिनिट रिकामी फिरवा. थरथर नेहमीपेक्षा जास्त वाटली तर डिस्क काढा, फ्लँजवरची (डिस्क दाबून धरणाऱ्या चकतीवरची) धूळ पुसा, पुन्हा बसवा. तरीही थरथरत असेल तर डिस्क बदला. बाजूची मूठ काढून टाकायची सवय मोडा.

ब्रेकर आणि हॅमर. बोथट छिन्नी म्हणजे दुप्पट वेळ. दुपारच्या सुट्टीत धार लावून ठेवलेली दुसरी छिन्नी जवळ असू द्या. शँकला, म्हणजे छिन्नीच्या यंत्रात बसणाऱ्या टोकाला, ग्रीस लावा. छिन्नी बसते ती खोबण सैल झाली असेल तर यंत्र दुरुस्तीला द्या. हवेवर चालणाऱ्या यंत्राची बाहेर पडणारी हवा गार असते. ती हातावर येत असेल तर झोत वळवा.

सावधान: मुठीला टायरचे रबर किंवा कापडाची जाड गुंडाळी बांधू नका. मूठ जाड होते, ती धरायला जोर जास्त लागतो आणि कंपन वाढूही शकते.

## टप्पा ६: धरायची रीत

पकड जितकी घट्ट, तितके कंपन हातात जास्त उतरते. यंत्र निसटणार नाही इतकेच धरा. ब्रेकरला त्याच्या वजनाने काम करू द्या, वरून अंग टाकू नका. तुकडा अडकला तर स्विच सोडा, छिन्नी वर ओढा, पुन्हा ठेवा. हवेत चालवलेला ब्रेकर काहीच फोडत नाही आणि सगळा धक्का हाताला देतो.

एक सवय ताबडतोब थांबवायला हवी: भिंतीवर छिन्नी नेमकी बसावी म्हणून डाव्या हाताने छिन्नीच पकडणे. मुठीवर जे कंपन असते त्याच्या कितीतरी पट छिन्नीवर असते, आणि वर काढलेले सगळे गुण तिथे निरर्थक ठरतात. नेम हवा असेल तर आधी हातोडीने लहान खूण पाडून घ्या.

सलग १० ते १५ मिनिटांनंतर यंत्र खाली ठेवून दुसरे काम करा. त्या वेळात बोटे उघडझाप करा, खांदे फिरवा. दिवसाचे गुण याने कमी होत नाहीत, पण हातात रक्त फिरत राहते.

## टप्पा ७: हातमोजे आणि ऊब

कंपनरोधक हातमोज्यांवर आयएसओ १०८१९ असे छापलेले असते. त्या मानकात २५ ते २०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा होणाऱ्या कंपनासाठी अट एवढीच आहे की ९० टक्क्यांपेक्षा जास्त आत जाऊ नये. म्हणजे या पट्ट्यात फक्त १० टक्के अडवणारा मोजाही पास होतो. तेही तळहातावर मोजलेले, बोटांवर नव्हे. ब्रेकरच्या मंद ठोक्यांवर मोजे जवळजवळ निरुपयोगी आहेत. गुण काढताना मोज्यांची सूट धरू नका.

मोजे घालायचे ते कापण्या-खरचटण्यापासून वाचायला आणि हात कोरडे, उबदार ठेवायला. जून ते सप्टेंबर भिजलेले मोजे घालून दुचाकीवरून घरी जाणे हे बोट पांढरे पडण्याचे आपल्याकडचे नेहमीचे निमित्त. कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत डिकीत ठेवा. जानेवारीतली सत्तरी-सांग्याकडची पहाट आणि माशांच्या पेटीतला बर्फ हीही अशीच निमित्ते आहेत. विडी, सिगारेट आणि तंबाखूतले निकोटीन वाहिन्या आकसवते. बाकी सगळे पाळून हे चालू ठेवले तर फायदा अर्धवट राहतो.

## टप्पा ८: दर पंधरवड्याला बोटे तपासा

वेळ ठरलेली हवी: सकाळी, यंत्र हातात घेण्याआधी. काम संपताच तपासले तर प्रत्येकाचीच बोटे तात्पुरती बधिर असतात आणि निष्कर्ष चुकतो.

१. डोळे मिटून खिशातले १ आणि २ रुपयांचे नाणे चाचपून वेगळे ओळखा.

२. शर्टाची वरची दोन बटणे न पाहता लावा.

३. कागदाची क्लिप उघडून दोन टोकांत ५ मिलिमीटर अंतर ठेवा. दुसऱ्याने ती प्रत्येक बोटाच्या टोकावर हलकेच टेकवायची, कधी एक टोक, कधी दोन. दहापैकी सात वेळाही बरोबर ओळखता आले नाही तर ते बोट वहीत नोंदवा.

४. रात्री मुंग्यांनी जाग येते का, आणि नेमक्या कोणत्या बोटांना? अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग एवढ्यापुरतेच असेल, करंगळी मोकळी असेल, तर मनगटातला दाब असण्याची शक्यता जास्त.

बोट पांढरे पडले तर त्याच क्षणी फोटो काढा, दोन्ही हातांचे, पुढून आणि मागून, उजेडात. डॉक्टरांसमोर झटका क्वचितच येतो, त्यामुळे हा फोटो फार कामाचा असतो. नंतर हात काखेत धरा किंवा कोमट पाण्यात ठेवा. पाणी कोपराने तपासा, कारण बधिर बोटांना भाजल्याचे कळत नाही.

सावधान: हात बर्फाच्या पाण्यात बुडवून घरीच परीक्षा घेऊ नका. एखादे बोट तासाभरात मूळ रंगावर आले नाही, काळे-निळे पडू लागले, किंवा टोकाला जखम होऊन भरत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. वाहन नसेल तर १०८.

## टप्पा ९: डॉक्टरांकडे काय न्यायचे

सलग दोन पंधरवडे एखादी जरी चाचणी चुकली, किंवा मुंग्या दुसऱ्या सकाळपर्यंत टिकू लागल्या, तर थांबू नका. यंत्रावरचे काम तेवढ्यापुरते बंद करा आणि तपासणी करून घ्या. ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड असेल तर मडगावचे ईएसआय रुग्णालय, नसेल तर जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय.

डॉक्टरांना "हात सुन्न होतात" एवढेच सांगितले तर बहुधा साखरेवर बोट ठेवले जाते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. त्यामुळे हा संशय रास्तच आहे. मात्र मधुमेहाचा बधिरपणा सहसा पायांपासून सुरू होतो. तुमचे पाय ठीक आणि बोटे बिघडलेली असतील तर ते आवर्जून सांगा. दोन्ही कारणे एकत्र असू शकतात, हेही लक्षात ठेवा.

एका कागदावर लिहून न्या: कोणती यंत्रे, रोज किती मिनिटे, किती वर्षे, टप्पा ३ मधले गुण, पंधरवड्याच्या नोंदी आणि फोटो. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटेही न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ अटेनोलॉल आणि प्रोप्रानोलॉल, बोटे आणखी गार पाडतात. त्या आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

रक्तात साखर, बी-१२ आणि थायरॉइड पाहिले जाते. मज्जातंतूंची वहनचाचणी, म्हणजे एनसीव्ही, मनगटातला दाब चांगला दाखवते. ती नॉर्मल आली म्हणून कंपनाचे नुकसान नाही असे ठरत नाही, कारण बिघाड बोटाच्या अगदी टोकातल्या स्पर्शपेशींत असू शकतो आणि ही चाचणी तिथपर्यंत पोहोचत नाही. अहवाल नॉर्मल आल्यावर पुन्हा ब्रेकर हाती घेणे ही या टप्प्यावरची सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

या आजाराची तीव्रता ठरवणाऱ्या स्टॉकहोम श्रेणीप्रमाणे डॉक्टर रक्तवाहिन्यांचा आणि मज्जातंतूंचा दर्जा वेगवेगळा लिहितात. मज्जातंतूंच्या बाबतीत बधिरपणा अधूनमधून येतो तोवर पहिला दर्जा. स्पर्श मंदावला की दुसरा. बारीक वस्तू ओळखणे, उचलणे जमेनासे झाले की तिसरा. पहिल्या दर्जावर मिनिटे खाली आणून, यंत्र बदलून काम सुरू ठेवता येते का ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. दुसऱ्या दर्जावर ब्रेकर, हॅमर आणि नीडल गन पूर्ण सोडा. कंपन लवकर थांबवले तर पांढरेपणाचे झटके काही वर्षांत कमी होऊ शकतात. तिसऱ्या दर्जाला पोहोचलेल्या माणसाच्या हातात चालू ग्राइंडर देणे त्याला आणि शेजारच्यालाही धोक्याचे आहे, कारण स्विच नीट दाबला गेला की नाही हे त्याच्या बोटांना कळतच नसते.